बेसमेंटमधला वास्तुपुरुष

घर उचललं तेव्हा अरुणाबाई चक्क हसल्या होत्या. आख्खंच्या आख्खं घर, खिडक्यांच्या पडद्यांसकट, लोखंडी तुळयांवरून ट्रेलरवर बसलं आणि हॅलब्रुकच्या ओसाड मेन स्ट्रीटवरून डुलत निघालं. बाई लेकाला म्हणाल्या, "पाह्य नं शंतनु, नवरीवानी चाललं!"

अकोल्याहून येऊन चाळीसच्या वर वर्षं झाली, तरी त्यांची वऱ्हाडी काही सुटली नव्हती. नवऱ्याचं, डॉक्टर शरदचंद्रांचं, बोट धरून त्या कॅनडातल्या सस्कॅचेवानच्या या कोरड्या टोकाला आल्या, तेव्हा गावाला शाळा होती, रेल्वे होती, चार खाटांचं हॉस्पिटल होतं. मग रूळ उखडले. शाळेला फळ्या ठोकल्या. वाळूच्या टेकड्यांपलीकडून वारा यायचा आणि रिकाम्या घरांत शिरून बसायचा. डॉक्टर गेले. शेजारची डोरीन वृद्धाश्रमात गेली. शेवटी गावाची विहीरही बसली, आणि गावात माणूस म्हणावं असं एकच उरलं, अरुणाबाई.

दर रविवारी सस्काटूनहून शंतनुचा फोन. "आई, दिस इज नॉट सेफ. विंटरमध्ये तुला काही झालं तर अँब्युलन्स कुठून येणार?"

बाई शेवटी तयार झाल्या, पण घर पाडायचं नाही या बोलीवर. लांबच्या एका रँचवाल्याचं घर जळालं होतं. त्यानं हे उचलून न्यायचं ठरवलं. इकडे घरं अशी चाकांवर जातातच. दुसऱ्याची का होईना, त्यात चूल पेटेल, एवढ्यावर बाईंनी समाधान मानलं.

ट्रेलरची धूळ बसली. बाई गाडीकडे जायला वळल्या आणि जागीच थांबल्या. घराच्या जागी भलामोठा चौकोनी खड्डा आ वासून पडला होता.

"हे काहून राहिलं?"

"काय?"

"खालचं."

"बेसमेंट आहे आई. बेसमेंट कोणी नेतं का?"

बाईंचा चेहरा उतरला. "अरे, मंग वास्तुपुरुष?"

शंतनुला आधी कळलंच नाही. मग आठवलं. घराचा पाया घालतानाच भटजींनी वास्तुशांतीसाठी अकोल्याहून कळवलं होतं, प्रतिमा आग्नेय कोपऱ्यात जमिनीत पुरा. डॉक्टर म्हणाले, आपली जमीन म्हणजे बेसमेंटच्या खाली. काँक्रीट ओतायच्या आधी त्यांनी ती स्वतःच्या हातानं पालथी ठेवली. तेव्हापासून दर अमावास्येला बाई जिना उतरून दहीभाताचा नैवेद्य दाखवायच्या. घर जाईल तिकडे तोही जाईल, असंच त्या धरून चालल्या होत्या. अकोल्यात घर कधी गाव सोडून निघालेलं नव्हतं, म्हणून ही गोष्ट कोणाला विचारावी असं कधी मनातही आलं नाही.

कडेला लॉइड बॅकहो, म्हणजे खोदायचं यंत्र, घेऊन उभा होता. उघडा खड्डा ठेवायचा नाही, आजच बुजवायचा, असा त्याला वरून हुकूम. डॉक्टरांच्याच हातावर जन्मलेला माणूस. शंतनुनं इंग्रजीत समजावलं तेव्हा त्यानं टोपी मागं सरकवली.

"म्हणजे तुमचा देव खाली आहे?"

"घराचा राखणदार," शंतनु म्हणाला.

"मग काढू या की. डॉक्टरांच्या बायकोला नाही म्हटलं तर माझी आई वरून खाली येऊन मला धुवेल."

बॅकहोच्या बकेटनं आग्नेय कोपरा फोडला. काँक्रीटचा मोठा तुकडा उचकटला, खालून क्षारानं पांढरी पडलेली ओली चिकणमाती निघाली. शंतनु खड्ड्यात उतरला आणि ऑफिसच्या पँटीनं गुडघ्यावर बसून चाचपू लागला.

"जरा डावीकडं," बाई वरून म्हणाल्या. "नाही नाही, भिंतीजोळ. तुझ्या बाबानं भिंतीले चिटकूनच ठेवला होता."

तेवढ्यात भिंतीतून कटकट आवाज आला. एक भेग वरपासून खालपर्यंत धावली आणि मातीचा लोट घसरला. लॉइड ओरडला, "आऊट! बाहेर ये, आत्ता!"

शंतनु हातापायांवर रांगत वर आला. मागं तो कोपरा अर्धा गाडला गेला होता.

"आणखी खोदता येणार नाही," लॉइड खाली बघत म्हणाला. "सगळी भिंत येईल. सॉरी, मिसेस डॉक."

"हातानं? हळूहळू?"

"आई," शंतनु म्हणाला, "प्लीज."

बाईंनी लेकाचे चिखलानं भरलेले हात पाहिले. मग हट्ट करायचं त्राण राहिलं नाही.

"अमावास्या हाय परवा," त्या पुटपुटल्या. "त्याले आता कोण देणार?" इकडं तिकडं बघितलं. तांदूळ, दही, पातेलं, सगळं संसाराच्या खोक्यांत, आणि खोकी कालच सस्काटूनला गेलेली. "तुझ्या गाडीत काही खायचं हाय का?"

"डोनट आहेत. पण त्यात एग असेल आई."

"असू दे. उपाशी ठेवण्यापरीस बरं."

त्यांनी कागदाच्या रुमालावर अर्धा डोनट ठेवला, भोवती बाटलीतलं पाणी फिरवलं आणि खड्ड्याच्या काठावरून खाली सोडला. तो कोपऱ्यापर्यंत पोचलाच नाही. मधेच फुटक्या काँक्रीटवर अडकला. वाऱ्यानं रुमाल उडाला.

लॉइडनं इंजिन सुरू केलं नाही.

"सुरू करू का, मिसेस डॉक?"

बाईंना हो म्हणता येईना, आणि नाही म्हणून आता थांबणारं काहीच नव्हतं. शेवटी शंतनुनंच लॉइडकडे बघून मान डोलावली, आणि खडीचा पहिला ढीग खाली गेला.