शेवटच्या खिळ्याची पिशवी

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत बारामतीच्या मॉलमध्ये घरची पिशवी आत न्यायला बंदी झाली. आमचे हे माल आणायला गेले होते, ते बघून आले आणि शेळगावातल्या आमच्या किराणा दुकानालाही तसाच नियम लावला. दारासमोर बांबू आडवा बांधला, त्यावर ओळीनं खिळे ठोकले. गिऱ्हाइकानं काय हवं ते सांगायचं, पिशवी खिळ्याला अडकवायची आणि मागं सरायचं. मी पिशवीवर औषध फवारून ती भरायची नि परत अडकवायची. फवारून फवारून माझे हात सोलून निघाले होते, आणि डोकंही तापलेलंच असायचं.

त्यात निम्म्या गावाची पिशवी एकच! दिवाळीला कारखान्याची साखर सभासदांना मिळते, त्या वर्षी ती हिरव्या कापडी पिशवीतून आली होती. ज्याच्या त्याच्या हातात तीच. शेवटी मी ओरडूनच सांगितलं, "काय पण बांधा, पण खूण करा!" कुणी नाडी बांधली, कुणी पोरीच्या केसांचं रबर.

खुणेची गरज नव्हती ती मावशींना. मावशी म्हणजे आमच्या मागच्या आळीत एकट्या राहणाऱ्या म्हातारबाई. ऊस नाही म्हणून सभासद नाहीत, म्हणून हिरवी पिशवीही नाही. जुन्या जांभळ्या लुगड्याची पिशवी त्यांनी हातानं शिवलेली. त्यांना कोरोना झाला, घरातच राहायला सांगितलं, तेव्हा शेजारीण ती पिशवी काठीला अडकवून घेऊन आली.

तात्या भडकलेच. तात्या म्हणजे आमचं रोजचं गिऱ्हाईक, मोठे बागायतदार आणि आवाज त्याहून मोठा. "ती पिशवी हितं नगं! आमच्या पिशव्यांना लागती."

बाकीचेही पांगले. शेजारीण रिकामी पिशवी घेऊन माघारी गेली, आणि त्यानंतर पिशवी आलीच नाही. मावशींनी निरोप धाडला, घरात हाय सगळं. कसलं सगळं! त्यांच्याकडं काय संपलं असेल ते मला पाठ होतं. बाई उपाशी राहील, पण पिशवी पाठवणार नाही. माझा जीव तुटला, आणि संतापही आला.

मग मी आमच्या घरातली हिरवी पिशवी काढली. तांदूळ, मूगडाळ, गूळ भरून यांच्या हाती मावशींच्या फाटकाला पोचती केली. रिकामी परत आली की औषध मारून ती सगळ्यांच्या पिशव्यांत लटकायची, भरून पुन्हा जायची. कुणाच्या बापाला कळलं नाही.

एकदा तात्याच खूण न बघता ती घेऊन गेले. घरी उघडून बघतात तर मूगडाळ. तणतणत आले, "माझी पिशवी कुठं हाय? ही कुणाची?"

"मावशींची," मी सांगून टाकलं. "रोज तुमच्याच पिशवीशेजारी असती, तात्या."

तात्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. बादलीतल्या पाण्यानं कोपरापर्यंत हात धुतले आणि गेले. पुढं त्यांना काही झालं नाही, आणि त्यांनी तो विषयही पुन्हा काढला नाही. मावशी खडखडीत बऱ्या झाल्या. मला वाटलं, मिटलं सगळं.

आता नियम कधीच गेला, बांबू तेवढा दाराच्या कडेला सरकवून बांधलेला राहिला. सगळे आत येतात, तात्या तर गुळाचा खडा तोंडात टाकल्याशिवाय बोलत नाहीत. मावशी मात्र बाहेरच. जांभळी पिशवी शेवटच्या खिळ्याला अडकवायची नि मागं सरून उभं राहायचं.

"अहो मावशी, आत या की!" मी दर वेळी करवादते.

"असू दे गं. हितंच बरी हाय मी."

परवा मला सहन होईना. बांबूच काढून टाकला. मावशी आल्या, खिळा दिसेना म्हणून जरा थांबल्या. मग पिशवी पायरीवर ठेवली आणि मागं सरल्या.