राहिलेले सगळे, या

परवा दुपारी इथे अमेरिकेत, आमच्या एडिसन गावच्या लायब्ररीत सिनेमा बघायला गेले होते. शेजारची अनुश म्हणाली, "मला एकटीला बघवणार नाही, तू जवळ बस." अनुश आर्मेनियन. वयाने माझ्याहून थोडी मोठी, नवरा तिचाही गेलेला… सिनेमा म्हणून मी पर्समध्ये चिवड्याची पुडी टाकली होती. ती तशीच परत आली.

शंभरेक वर्षांपूर्वी ऑटोमन राज्यात आर्मेनियन लोकांचा नरसंहार झाला, हे मी वाचलेलं होतं. पण वाचताना पुस्तक मिटून ठेवता येतं…

सिनेमातली म्हातारी अमेरिकेत लेकीकडे राहते. दाराची बेल वाजली की ती दार उघडत नाही, दारामागे जाऊन उभी राहते. तिच्या लहानपणी शिपाई आले तेव्हा आईने तंदूरला रोट्या लावलेल्या होत्या, त्या काढूही दिल्या नाहीत. अख्ख्या गावाला वाळवंटाकडे चालवत नेलं. घरातली ही एकटी उरली.

शेवटी लेक तिला भावांची नावं विचारते. ती दोन सांगते. तिसऱ्याचं, धाकट्याचं, आठवतच नाही… नुसते ओठ हलतात.

मारहाण दाखवली तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. खरी घाबरले ती इथे. मारणारे मारून गेले, पण हे विसरणं तिच्या आतच झालं होतं, तिलाही न कळता.

आणि तिथेच अंधारात मी ह्यांचा आवाज आठवून बघितला. चेहरा आला, चष्मा आला, शर्टाच्या खिशातलं पेन आलं… आवाज येईना. जाऊन चौथं वर्ष तर चालू आहे.

पार्किंग लॉटमध्ये अनुशने गाडी सुरूच केली नाही. म्हणाली, "माझ्या आजीचंही असंच. तिच्या एका भावाला आम्ही अजून नुसतं 'छोटा' म्हणतो. नाव कुणालाच माहीत नाही."

"कधी गेला? तारीख?" मी विचारलं. आपल्याकडे श्राद्धाला तिथी लागते, त्या सवयीने तोंडातून गेलं.

"तारीख!" ती हसलीच. "कॅलेंडर घेऊन चालत होते का गं ते?"

मी ओशाळले. मग तिला सांगितलं, ज्यांची तिथी माहीत नाही त्यांच्यासाठी आमच्याकडे पितृपक्षाच्या शेवटी येणारी अमावस्या असते. आणि तर्पणात शेवटची ओंजळ अशांची, ज्यांना पाणी द्यायला मागे कुणीच उरलं नाही. त्या ओंजळीला हे जरा थांबायचे. मंत्र झाला की आपले साध्या मराठीत म्हणायचे, "राहिलेले सगळे, या."

शब्द आठवले. पण माझ्याच आवाजात…

अनुश गाडीची किल्ली बोटांत फिरवत राहिली. मग म्हणाली, "ते फक्त तुमच्यातलेच असावे लागतात?"



संध्याकाळी घरात एकटीच होते आणि बेल वाजली. खरं सांगते, मी दार उघडलं नाही. दिवा घालवला आणि दारामागे श्वास धरून उभी राहिले… थोड्या वेळाने माझा मुलगा निखिल किल्लीने दार उघडून आत आला, हातात खोकं.

"आई, पार्सल बाहेरच पडलं होतं! आणि अंधारात काय करतेयस? घाबरवलंस ना यार."

स्वयंपाकघरात तो खोक्याची टेप फाडत होता. मी विचारलं, "बाबा तर्पणाला शेवटी काय म्हणायचे, आठवतं का रे?" ह्याला नाही आठवलं तर? मग माझ्यामागे कुठे उरणार ते…

त्याने मान वरही केली नाही. 'सगळे'वर तोच लांब हेल, आणि शेवटचा 'या' जरा नाकातून. "राहिलेले सगळे… या."

तो आवाज ह्यांचा होता. माझ्या पाठीमागून आल्यासारखा.

"परत म्हण."

"आई, आर यू ओके?"

"म्हण रे बाबा."

म्हणाला…

अमावस्येला अनुशला बोलावलंय. निखिल ऑफिसला उशिरा जाणार आहे. शेवटच्या ओंजळीला 'छोटा' एवढंच म्हणायचं ठरवलंय. चालतं की नाही, ते गुरुजींना विचारणार नाहीये.

भीती गेलेली नाही. काल बेल वाजली तेव्हाही मी आधी दारामागेच जाऊन उभी राहिले. मग उघडलं… दारात अनुश होती, फडक्यात गुंडाळलेल्या गरम रोट्या घेऊन.