शिंकेपाशी थांबणारी धून

लाँड्रीच्या मागच्या खिडकीपाशी बसून रफू करणाऱ्या बाईंना कोणी विचारलं असतं, "तुम्हाला एखादं वाद्य येतं का हो?" तर त्यांनी सरळ नाही म्हणून सांगितलं असतं. आणि त्यात खोटं काही नव्हतं. वाद्य त्यांना येतच नव्हतं. एक धून येत होती. मोजून एक. तीही कुठली, तर आयर्लंडच्या नाचाची, आणि वाजवायची मँडोलिनवर! आता बोला.

हा उद्योग त्यांच्या मागे लावून दिला त्यांच्या दादाने. दादा मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होता. जहाजाचा इंजिनिअर आयरिश. ड्यूटी संपली की तो मँडोलिन घेऊन भटारखान्याच्या दारात बसायचा आणि दादा कांदे चिरता चिरता ऐकायचा. ऐकता ऐकता शिकला. असल्या धुनेला ते लोक रील म्हणतात. पळती धून. तिचे दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा, आणि हे सगळं मिळून तीनदा. मध्ये कुठे श्वास घ्यायला थांबणं म्हणून नाही. लिहिलेलं काही नसतं. समोरच्याचं ऐकायचं आणि आपल्या हातात घ्यायचं.

शेवटच्या सुट्टीत दादा ती मँडोलिन घरीच ठेवून गेला. इंजिनिअरने जुनी म्हणून देऊन टाकलेली. "मी येईपर्यंत सांभाळ, ठमे," एवढं म्हणाला. दादा अठ्ठावीसचा, बाई वीसच्या. त्यांचं खरं नाव ठमी नव्हतं हे सांगायला नको, पण दादाच्या तोंडून दुसरं नाव त्यांनी कधी ऐकलं नाही. लहानपणापासून दोघांची तऱ्हा ठरलेली. कुठेही निघाले की हा लांब ढांगा टाकत पुढे, आणि मागून ही धापा टाकत, "दादा, थांब ना! थांब ना रे!" तो कोपऱ्यावर जाऊन उभा राहायचा. ही पोचली रे पोचली की पुन्हा चालू. म्हणजे विश्रांती त्याची व्हायची, हिची नाहीच. यावरून हिने कितीदा रडून घर डोक्यावर घेतलंय.

तीन महिन्यांनी पोस्टाने एक कॅसेट आली. "ठमे, ऐक," दादा त्यात म्हणतो, "इंजिनिअरची नवी मँडोलिन मागून आणलीय, तुझ्यासाठी हळू वाजवतोय. दोन्ही भाग एकेकदाच. पाठ करून ठेव. पण हे एकट्याने वाजवायचं नसतं हं, माणसांत बसून वाजवायचं असतं. मी आलो की दोघं मिळून वाजवू." मग धून सुरू होते. पहिला भाग होतो, दुसरा सुरू होतो, आणि त्याच्या बरोबर मध्यावर दादा एकदम थांबतो. क्षणभर काहीच नाही. मग दणदणीत शिंक. मग नाक ओढत, "हं, चल," आणि धून पुढे.

दादा काही आला नाही. कॅसेटनंतर दोन महिन्यांत कुठल्याशा बंदरावरच्या दवाखान्यात तापाने गेला. घरी आली ती त्याची पत्र्याची पेटी आणि कॅप्टनचं पत्र.

त्याला आता चौतीस वर्षं झाली. बाई चौपन्नच्या झाल्या, दादा अठ्ठावीसचाच राहिला. तारांवर कुठे बोट दाबायचं, तारा छेडायची नखी खाली-वर कशी फिरवायची, हे सगळं बाई त्या कॅसेटवरून शिकल्या. शिकवायला होतं कोण दुसरं? कामावरून आलं, हातपाय धुतले, की टेप लावायचा आणि दादाबरोबर वाजवायचं. तो थांबला की थांबायचं. शिंक झाली, "हं, चल" आलं, की निघायचं. टेपशिवाय त्यांनी ती धून एकदाही वाजवली नव्हती. एकट्याने वाजवायची नसते असं दादानेच सांगितलं होतं ना!

बाईंचे यजमान बस कंडक्टर, आता निवृत्त. माणूस मोठा मिश्कील. "माझी आणि मेव्हण्याची भेट काय ती शिंकेपुरती," ते म्हणायचे. त्यांनी ती कॅसेट मोबाइलमध्ये उतरवूनही ठेवली होती, न जाणो फीत तुटली तर. बाई मात्र टेपच लावायच्या. मोबाइलमध्ये दादा डबीतून बोलल्यासारखा वाटतो म्हणे.

पण अलीकडे डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर सुजायला लागलं होतं. सुईचं काम, दुसरं काय होणार? सकाळी बोट वळायचंच नाही. बाई मनाशी हिशेब करायला लागल्या. रफूचं काय, आज ना उद्या सुटायचंच ते. पण दादाची धून एकदा, निदान एकदा, चार माणसांत बसून वाजवायची राहिली होती. दोघं मिळून वाजवू म्हणालेला माणूस गेला. मग ते वाजवायचं कोणाबरोबर? आणि केव्हा?

अशात लाँड्रीत दातांचे एक डॉक्टर कोट घेऊन आले. डाव्या खांद्यापाशी, कॉलरच्या जरा खाली, कापड घासून विरलं होतं. बाकी कोट नवाकोरा. बाईंनी तो उजेडाकडे धरला आणि विचारलं, "तुम्ही व्हायोलिन वाजवता का हो?"

डॉक्टर चाट पडले. "तुम्हाला कसं कळलं?"

"पिशवीचा पट्टा असा घासत नाही," बाई म्हणाल्या. "बसा, अर्ध्या तासात देते."

डॉक्टर बसले आणि बसल्या बसल्या काहीतरी गुणगुणायला लागले. बाईंचा हात जागच्या जागी थांबला. सुई कापडात अर्धी आत, अर्धी बाहेर. ती दादाची धून होती! जलद होती, पण तीच. पहिला भाग झाला, दुसरा आला, आणि डॉक्टर मधल्या त्या जागेवरून न थांबता सरळ निघून गेले.

"ही धून तुम्हाला कुठून येते?" बाईंचा आवाज चढला. काउंटरवरच्या लाँड्रीवाल्याने मान वळवून पाहिलं.

"ही? ही रील आहे. आम्ही पाच-सहा जण वाजवतो, दर शनिवारी चार वाजता, वाचनालयाच्या मागच्या खोलीत. का? तुम्ही..."

"मला येते," बाई म्हणाल्या, आणि लाजून लालेलाल झाल्या.

"रील? मोबाइलवरची?" लाँड्रीवाला म्हणाला. "बाई, तुम्हीसुद्धा?"

"तू गप रे," बाई म्हणाल्या.

शनिवारी बाई गेल्या. खोलीत लोखंडी खुर्च्यांचं कोंडाळं. डॉक्टर होते, बासरी घेऊन शाळेतल्या भूगोलाच्या बाई होत्या, मांडीवर डफासारखं वाद्य घेतलेला एक सुतार होता, आणखी दोघं-तिघं. त्यांची पद्धत अशी की नव्या माणसाने सुरुवात करायची आणि बाकीच्यांनी त्याच्या मागून यायचं. बाईंनी नखी धरली. पहिला भाग सुरू झाला, आणि तिसऱ्या-चौथ्या सुरापासून व्हायोलिन आलं, बासरी आली, सुताराची थाप आली. चौतीस वर्षं एका टेपमधून येणाऱ्या आवाजाला साथ करणाऱ्या बाईला चारी बाजूंनी माणसं मिळाली. काय वाटलं असेल, सांगा. त्यांचे डोळे भरूनच आले.

मग दुसरा भाग आला. मध्यावर बाईंचा हात थांबला.

त्यांनी थांबवला नाही, तो आपला आपण थांबला. बाकीचे पुढे निघून गेले. बाई मनात शिंक होऊ देऊन, "हं, चल" ऐकून निघाल्या, तोवर सगळा गोंधळ. बासरी कुठे, व्हायोलिन कुठे. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा भूगोलाच्या बाईंना हसू आवरेना.

"तिथे काही नाही हो," डॉक्टर समजावणीने म्हणाले. "सरळ जायचं."

काही नाही कसं? बाईंच्या ओठांवर आलं होतं. माझा दादा आहे तिथे. पण परक्या माणसांना काय सांगणार, कपाळ? त्यांनी मँडोलिन पिशवीत घातली आणि घरी येऊन यजमानांवर उगाच डाफरल्या. ते बिचारे भाजी निवडत होते.

"मग आता?" सगळं ऐकून झाल्यावर यजमानांनी विचारलं.

"आता काय? भोक पडलंय ते बुजवायचं. दुसरं काय येतं मला?"

रफूची रीत बाईंना पाठ होती. बाहेरचा धागा कितीही जुळता आणला तरी डोळ्यांत खुपतो. त्याच कापडाच्या आतल्या शिलाईतून धागा काढायचा आणि उभ्या-आडव्यातून एक वर, एक खाली असा भरत न्यायचा. बाईंनी शिंकेच्या अलीकडचे चार सूर घेतले, पलीकडचे चार घेतले, आणि तेवढेच आठ सूर वाजवत बसल्या. टेपशिवाय. टेप त्यांनी कपाटात ठेवला. ठेवताना म्हणाल्या, "दादा, थोडे दिवस हं." पहिल्या आठवड्यात हात दर वेळी अडखळला. दुसऱ्या आठवड्यात दहातून दोनदा पार झाला. बोट सुजलं, गरम पाण्यात बुडवून पुन्हा बसल्या. तिसऱ्या आठवड्यात यजमान दारातून म्हणाले, "अगं, शिंक कुठे गेली?"

चौथ्या शनिवारी बाई पुन्हा वाचनालयाच्या मागच्या खोलीत जाऊन बसल्या. भूगोलाच्या बाईंनी खुर्ची पुढे सरकवली. बाईंनी सुरुवात केली, सगळे आले, दुसरा भाग आला, आणि ती जागा आली तशी गेली. एकदा, दोनदा, तीनही फेऱ्यांत. शेवटच्या सुरावर सुताराने मांडीवर थाप मारून "वा, बाई!" म्हटलं. डॉक्टरांनी खाली वाकून विचारलं, "कोणी शिकवली तुम्हाला?"

"माझ्या भावाने," बाई म्हणाल्या. त्या दिवशी घरी येताना त्या चक्क रस्त्याने गुणगुणत आल्या. दादा म्हणाला होता तशी धून माणसांत वाजली होती.

रविवारी दुपारी त्यांनी टेप बाहेर काढला. कधी एकदा दादाला वाजवून दाखवते असं झालं होतं. महिन्याभराने आवाज आला, "ठमे, ऐक," आणि बाई हसल्या. नखी धरली, दादाबरोबर निघाल्या. पहिला भाग दोघांनी मिळून वाजवला. दुसरा सुरू झाला. मध्यावर दादा थांबला.

बाईंचा हात थांबला नाही.

तो सरळ पुढे गेला. दोन सूर, चार सूर. मागे शिंक झाली. बाईंनी हात आवरायला बघितला तोवर आणखी काही सूर वाजून गेले होते, आणि मागून, बरंच मागून, नाक ओढत दादा म्हणाला, "हं, चल."

बाईंनी नखी उचलून धरली. जन्मभर त्या याच्या मागून धावल्या होत्या. त्याला मागे टाकायचं असतं हे कधी स्वप्नातही आलं नव्हतं. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.

"काय गं?" स्वयंपाकघरातून यजमानांनी विचारलं. "मध्येच का थांबलीस?"

"दादा मागे राहिलाय," बाई म्हणाल्या. "येऊ दे त्याला."