आधी विहीर, मग नवरदेव

आमच्या थोरल्या मामांइतकी लग्नं जालना जिल्ह्यात दुसऱ्या कुणी मोडली नसतील, आणि तरीही दर लग्नसराईत लोक आधी त्यांनाच बोलावणं धाडायचे. हे मी तक्रारीच्या सुरात सांगतो आहे, कारण माझी भाकरी लग्नांवर होती. मी जालना शहरात मस्तगडच्या एका कापडाच्या दुकानात नोकरीला होतो. सोयरीक जमली की दोन्हीकडची मंडळी बस्ता बांधायला दुकानात यायची. शालू, धोतरजोड्या, आहेराची लुगडी, टोप्या, सगळं एका बैठकीत. मामा नुसते एखाद्या गावी स्थळ पाहून यायचा अवकाश, की आमचा एक बस्ता बुडालाच. आमचे शेठ तर मामा पायरीवर दिसले की हातातलं कापडाचं ठाण तसंच टाकून चहा सांगायचे आणि चहा पाजून त्यांना लवकरात लवकर वाटेला लावायचे.

मामा वाटूरच्या पुढच्या एका खेड्यात राहायचे. धोतर, टोपी आणि खांद्याला एक कापडी पिशवी. पिशवीत पानाचा डबा आणि सुतळीचं एक मोठं भेंडोळं, त्याच्या टोकाला बांधलेला दगड. भाचीसाठी, पुतणीसाठी, शेजाऱ्याच्या मेहुणीसाठी, कुणासाठीही स्थळ पाहायला ते हौसेने निघत. फक्त तिथे गेल्यावर स्थळ पाहत नसत. बाकीचे लोक बैठकीत मुलाचं शिक्षण, जमीन, भाऊ किती हे विचारत बसले की मामा "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणत उठायचे ते थेट विहिरीवर. आत दगड सोडायचे, सुतळी वर ओढायची, किती ओली झाली ते बोटांनी चाचपायचं आणि परत येऊन बसायचं. एकदा परतीच्या एसटीत मी त्यांना विचारलं, मुलगा कसा वाटला. म्हणाले, "कोणता? त्यो टोपीवाला का?" टोपीवाला म्हणजे मुलाचा आजोबा होता.

विहीर झाली की चुंबळ. डोक्यावर हंडा घेताना खाली ठेवायची ती कापडाची गोल वळी. घरात शिरताना मामांची नजर आधी खुंटीवर जायची. तिथे फुगीर, टणक चुंबळ दिसली तर स्वारी खूश. झिजून, दबून पार भाकरीसारखी झालेली दिसली की चेहरा पडायचा. "या घरची बाई लई लांबून पाणी आणून राह्यली," असं ते माझ्या कानात सांगायचे, आणि मामांचं कानातलं बोलणं शेजारच्या आळीला ऐकू जायचं. ही कीर्ती पसरल्यावर मामा येणार म्हटलं की लोक चुंबळी लपवू लागले. एका घरी ती इतक्या घाईत लपवली होती की मामा ज्या लोडाला टेकले त्याच्याच मागून निघाली. मामांनी ती झटकून घरच्या बाईच्या हातात दिली आणि पोह्यांची बशी पुढे ओढली. स्थळ नाकारलं तरी पोहे नाकारायचे नाहीत, असा त्यांचा शिरस्ता होता.

लोक हसायचे, पण तोवर पाऊस खरोखरच बिघडला होता. पूर्वी मृगापासून थोडा थोडा मुरत पडणारा पाऊस आता महिना-महिना तोंड दाखवायचा नाही, आणि आला की दोन दिवसांत सगळा कोसळून, शेतातली माती घेऊन ओढ्याने पसार व्हायचा. होळी झाली की गावोगावी टँकरची वाट पाहणं सुरू. मामा म्हणायचे, "पहिले पाऊस मुक्कामाला यायचा. आता उभ्याउभ्या येतो अन् जातो. त्याला बसाया जागा कुठं ठिवली आपण?"

हे सगळं दुसऱ्यांच्या बाबतीत गमतीचं होतं. मग माझ्या धाकट्या बहिणीला स्थळ आलं. मुलगा बदनापूरजवळच्या गावचा, घरची मोसंबीची बाग. त्याची माणसं आमच्याकडे येऊन मुलगी पाहून गेली. बहिणीने तोंडाने काही होकार दिला नाही, पण त्या दिवसापासून तिचं आईशी भांडणच बंद झालं, आणि आम्ही काय ते ओळखलं. मामांना न नेण्याचा माझा बेत होता. पण आई म्हणाली, सख्खा मामा असताना त्याला वगळून कसं चालेल.

ऐन वैशाखात आम्ही तिकडे गेलो. मामांनी गेल्या गेल्या विहीर गाठली, दगड सोडला, आणि काय आश्चर्य, सुतळी चांगली हातभर ओली निघाली. मामा प्रसन्न झाले. पोहे झाले, पुरणपोळीचं जेवण झालं, मी मनातल्या मनात शालूचा रंगसुद्धा ठरवला. जेवणानंतर मामा चूळ भरायला म्हणून बाहेर गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. आले तेव्हा सुतळीचं भेंडोळं हातात होतं, कोरडं ठणठणीत.

"पाव्हणं," ते मुलाच्या वडिलांना म्हणाले, "सकाळी इहिरीत पाणी व्हतं. जेवणं व्हईस्तोवर कुठं गेलं?"

मुलाचे वडील आढ्याकडे पाहू लागले. त्याचे चुलते म्हणाले, ऊन लई आहे, आटलं असेल. तेवढ्यात कोपऱ्यात बसलेला मुलगाच उठला. "खोटं कशाला बोलू मामा. सकाळी आमच्या बाबानं टँकर आणून इहिरीत ओतला. वाटलं, तुमी जाईपर्यंत टिकंल. तळच इतकं तहानलेलं व्हतं, पिऊन टाकलं त्यानं." आणि स्वयंपाकघरातून त्याच्या आईचा आवाज आला, "म्या सांगूनच राह्यले व्हते, निदान रांजण तरी भरून घ्या म्हून."

मामांनी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा एखादा नवरदेव नीट न्याहाळून पाहिला. मग म्हणाले, "पोरगा पसंत हाय. इहीर नापसंत. पुढच्या वैशाखात मी परत दगड सोडतो. तवर आमची पोरगी थांबन."

पोरगी थांबेल, हे पोरीला न विचारता! परतीच्या वाटेत मी मामांना वाट्टेल ते बोललो. आई आपल्या सख्ख्या भावाशी बोलेनाशी झाली. वर्षभर थांबायचं, आणि पाऊसच झाला नाही तर? मुलाकडच्यांनी कंटाळून दुसरी मुलगी केली तर? तोवर अर्ध्या सोयऱ्यांत बभ्रा झालेलाच होता की हिचं जमून मोडलं. बहीण दिवसभर आतल्या खोलीत रडली. संध्याकाळी दाराआडून म्हणाली, "मामाला सांगा, थांबते."

तिकडे त्या गावात वेगळंच पेटलं. मामांनी मोडलेलं त्या गावचं हे पहिलं स्थळ नव्हतं. बिनलग्नाची पोरं गावात इतकी साचली होती की गणपतीच्या मिरवणुकीत नाचणाऱ्यांची कधी वाण पडत नसे. पारावर बैठक बसली. जुना पाझर तलाव गाळाने भरला होता, तो उपसायचा ठरला, वरच्या माळावर बांध घालायचे ठरले. एका बड्या शेतकऱ्याने आपल्या रानातून बांध जाऊ देणार नाही म्हणून हट्ट धरला. आठवड्याभरात त्याच्याच पोराची सोयरीक विहिरीवरून फिसकटली, मग त्याने बांध तर दिलाच, वर दोन बैलजोड्या दिल्या. गाळ गाड्यांनी शेतात जाऊ लागला. कामावर सगळ्यांत जास्त बाया होत्या. त्यांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

मामा दर आठवड्याला तिथे. आधी म्हणे हात मागे बांधून नुसती खुसपटं काढायचे, "ह्यो बांध हाय का पडलेली भित्ताड?" पुढे एकदा मी दुकानाच्या कामाने बदनापूरला गेलो होतो तेव्हा तिकडे वळलो, तर मामा नुसत्या बंडीत, घामाने निथळत, रांगेत उभे राहून गाळाच्या पाट्या पुढे देत होते. शेजारी आमचे होणारे दाजी. मला पाहून मामा ओशाळले. "सहज आल्तो. एसटी चुकली," म्हणाले. त्या उन्हाळ्यात मामांची एसटी फार वेळा चुकली.

पाऊस भीती होती तसाच आला. बरेच दिवस दडी मारून एका दुपारी एकदम कोसळला. माळावरचा एक बांध फुटला, पोरांनी वाळूची पोती रचून तो थोपवला, आणि खाली तलाव भरला. पुढे पावसाने जवळजवळ पाठच फिरवली. आमच्या घरात त्या वर्षी देवाकडे दुसरं काही मागितलंच गेलं नाही.

वैशाखात मामा मला घेऊन निघाले. विहिरीभोवती अख्खा गाव जमला होता, पोरं तर इस्त्रीचे कपडे घालून आली होती. मामांनी दगड सोडला. सुतळी ओली निघाली. कुणी काही बोलायच्या आत मामांनी हात वर केला. "जेवण व्हऊ द्या." सगळे घाईघाईने जेवले. जेवणानंतर पुन्हा दगड आत गेला. सुतळी सकाळइतकीच ओली. मामांनी ती दोनदा चाचपली, मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बराबर हाय. बांध बस्ता." मी रडलो, आणि ते लपवलंही नाही. त्या लग्नसराईत त्या एका गावाचे इतके बस्ते आले की शेठनी मामांना गादीवर बसवून जिलबी खाऊ घातली.

बहिणीच्या लग्नात मामी पंगतीत वाढत होत्या. वाकताना पदर खांद्यावर आला. मामींच्या टाळूवर बरोबर चुंबळीएवढी जागा पार केस झडून गुळगुळीत झालेली होती. मी पाहिलं, आणि मी पाहिलेलं मामांनी पाहिलं. बराच वेळ ते पान जुळवत बसले. मग खरोखर माझ्या एकट्यालाच ऐकू येईल अशा आवाजात म्हणाले, "हिला बघाया गेल्तो तवा हिच्या बापानं जमीन इचारली, बैलं इचारली. इहीर कुणी इचारलीच न्हाई. मंग मी बी सांगितली न्हाई." पुढे बांध घाला म्हणून ते स्वतःच्या गावालाही सांगत राहिले, पण गावाने शेवटपर्यंत त्यांचं ऐकलं नाही. मामी जन्मभर ओढ्यापलीकडून पाणी आणत राहिल्या.

काही वर्षांनी मामी गेल्या. तेरावं झाल्यावर मामा पहिल्यांदा कुठे गेले असतील तर माझ्या बहिणीकडे. मी तिथे होतो. त्या सालीही पावसाने दगा दिला होता, पण बहिणीच्या विहिरीला पाणी होतं. मामांनी ती पाहिली नाही. सुतळी त्यांनी आणलीच नव्हती. पिशवीतून त्यांनी मामींची चुंबळ काढली, झिजून, दबून पार चपटी झालेली, आणि स्वयंपाकघरात जाऊन बहिणीला माठ उचलायला सांगितलं. मग खाली बसून ती माठाच्या जागी जमिनीवर नीट ठेवली आणि हाताने सारखी केली.

"हिला हितं ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "लई चालली. आता बसू दे."

बहिणीने वर माठ ठेवला. मामा आता नाहीत, पण चुंबळ अजून तिथेच आहे. मी गेलो की त्याच माठातलं पाणी पितो.