पायरीवरचं प्रभुभोजन

आमच्या शालूमावशीला कुरुंदा गावात सगळे 'मिशनची बाई' म्हणत. निजामाच्या राजवटीतले, एकोणीसशे अडतीसच्या आसपासचे ते दिवस. घरोघर जाऊन बायकांना येशूच्या गोष्टी सांगणं हे तिचं काम. ऐकणारीला जांभया येऊ लागल्या तरी हिची होडी आपली गालील समुद्रातच! पण जीव लावावा तर तिनंच.

नर्मदाबाई तिची जिवाभावाची मैत्रीण. दोघींचा बाप्तिस्मा एकाच दिवशी झालेला. नर्मदाबाई पाटलाच्या मळ्यात हळद शिजवायला जाई. हळकुंडं वेचून, शिजवून, पसरून तिचे हात असे पिवळे होत की राखेनं घासूनही रंग हटत नसे.

चर्चला नवे पाळक आले ते नगरकडचे. हळद त्यांना फक्त लग्नातली ठाऊक, आणि मंडळीतल्या कुणी लग्नाच्या हळदीला जायचं नाही, असा त्यांचा कडक नियम. प्रभुभोजनाला, येशूच्या आठवणीची भाकर वाटतात तेव्हा, नर्मदाबाईनं हात पुढं केले. ते पिवळे हात पाहून, ही हळदीला जाऊन आली असं समजून, त्यांनी भाकरीचं ताट मागं घेतलं. "आधी पश्चात्ताप करा," सगळ्यांदेखत म्हणाले. ती उठली आणि निघून गेली. त्यानंतर चर्चची पायरी चढली नाही. मला अजून त्या माणसाचा राग येतो. एका शब्दानं विचारलं असतं तर काय बिघडलं असतं?

मावशीला घास गोड लागेना. हाकललं माणसांनी, पण नर्मदाबाईला वाटतंय देवानंच हाकललं, ही तिची तळमळ. शेवटी बायबलचं पुस्तक काखेत मारून तिच्या घरी गेली. नर्मदाबाईनं दारातच अडवलं.

"तुला यायचं तर ये, शालू. तुझा देव तिकडंच राहू दे."

मावशी घरी येऊन रडली. मग पुस्तक फळीवर ठेवलं, मळ्यात गेली आणि मैत्रिणीशेजारी हळद पसरायला लागली. हंगामभर जात राहिली, पण येशूचं नाव काढलं नाही. तिच्यासारखीला हा उपासच! सुनांची, लेकरांची, गुडघ्यांची बोलणी होत.

एक दिवस नर्मदाबाईनंच विषय काढला.

"त्या दिवशी तुझा येशू पाहून राहिला व्हता का?"

"व्हय."

"मग गप काहून बसला?"

मावशीजवळ एरवी पोतंभर उत्तरं असत. त्या दिवशी तिनं हातातली हळद खाली ठेवली. ती म्हणाली, "गप आमी बसलो, आक्का. तुझे हात काहून पिवळे हायत ते मला ठावं व्हतं, तरी मी तोंड उघडलं न्हाई. तो तुझ्यासंगं उठून बाहेर गेला असंल. आमीच आत राहिलो."

नर्मदाबाई पदरात तोंड घालून रडली. मावशीनं समजूत घातली नाही, चर्चला ये असंही म्हटलं नाही. मळ्यातून तडक पाळकांकडं गेली आणि सगळं सांगितलं. तिची नोकरी त्यांच्या हातात होती, तरी सांगितलं. ते मान खाली घालून ऐकत राहिले.

पुढच्या प्रभुभोजनाला नर्मदाबाई आली, पण उंबरा ओलांडेना. बाहेर पायरीवरच बसली. मावशीनं गाणं अर्ध्यात सोडलं, उठली आणि तिच्याजवळ जाऊन बसली. मी आत होते. पाळकांनी आतल्या सगळ्यांना भाकर दिली, ताट घेऊन दाराशी आले आणि थांबले. आता मावशीची नोकरी गेली, असंच मला वाटलं.

पाळकांच्या चपला दाराबाहेर काढलेल्या होत्या. त्या न घालताच ते खाली उतरले आणि दोघींसमोर मातीत गुडघे टेकून बसले.

"नर्मदाबाई, माझं चुकलं."

तिनं आधी मावशीकडं पाहिलं. मग हात पुढं केले.