सूड आणि सीटबेल्ट

कायद्याला सर्वांत जास्त घाबरणारा कुवेतमधला माणूस अबू हलीफा भागात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतो, आणि कायदा हातात घ्यायची सर्वांत जास्त हौसही त्यालाच आहे. हे गृहस्थ एका बँकेत इतरांच्या चुका शोधतात, बायको-मुलगी नाशिकला असल्यामुळे एकटे राहतात आणि कचरा टाकायला खाली जातानाही खिशात सिव्हिल आयडी ठेवतात. घरी आले की मात्र कोरियन मालिका लावतात, त्याही फक्त सुडाच्या. पोलीस विकले गेलेत, वकील फितूर आहे, उद्योगपतीचा मुलगा खून पचवून हसतो आहे आणि काळी टोपी घातलेला एक अबोल तरुण त्याला गोदामात खुर्चीला बांधतो आहे, एवढं जमलं की आमचे शेजारी मांडी ठोकून बसतात. शिक्षा कमी पडली तर त्यांना जेवण जात नाही. "नुसता पुलावरून ढकलला? एवढ्यावर सोडतात?" असं सकाळी लिफ्टमध्ये मला विचारतात. अर्दियाच्या गोदामांवरून आमची गाडी गेली की एखाद्या बंद शटरकडे बोट दाखवून "इथं खुर्ची छान मावेल" म्हणतात. आणि याच माणसानं एकदा पाठलागाचा प्रसंग मध्येच थांबवून मला दाखवलं होतं, की नायकानं सीटबेल्ट लावलेला नाही. "सूड घ्यायला निघालाय म्हणून काय झालं?" त्यांना खरोखरच वाईट वाटलं होतं.

त्यांचा डबा एका मेसमधून येतो. तिथे तेव्हा चिपळूणच्या एक मावशी पोळ्या करायच्या. त्यांचा पासपोर्ट आल्या दिवशीच 'सांभाळायला' म्हणून काढून घेतलेला. मुलीचं लग्न पंधरा दिवसांवर आलं तरी काउंटरवरचा माणूस रोज "कफीलला विचारतो" एवढंच म्हणे. कफील म्हणजे ज्यांच्या नावावर मेस आणि मावशींचा व्हिसा होता, ते अर्दियातले म्हातारे कुवेती गृहस्थ. "भाऊ, आता गेले की मी परत नाही यायची," मावशी शेजाऱ्यांना म्हणाल्या, "पण पोरीच्या डोक्यावर चार अक्षता तरी माझ्या हातच्या पडूदेत."

त्या संध्याकाळी शेजारी आमच्या दारात उभे राहिले. मे महिन्याच्या उकाड्यात काळा शर्ट, काळी टोपी, बगलेत कामगार नियमांच्या छापील पानांची फाइल. "कायदा हातात घ्यावा लागणार," ते म्हणाले. "गाडी तुम्ही काढा. माझ्या गाडीचा विमा कालच संपलाय." वाटभर ते एकच वाक्य घोकत होते, "पासपोर्ट दो, नहीं तो अंजाम बुरा होगा." मी हसणं कसंबसं आवरलं.

कफीलच्या दिवाणियात, म्हणजे पाहुण्यांच्या बैठकीत, म्हाताऱ्यानं उठून आमच्या शेजाऱ्यांचा हात धरला आणि त्यांना शेजारी बसवलं. लगेच घोटभर कावा, म्हणजे अरबी कॉफी, भरलेला कप आला. शेजाऱ्यांनी तो संपवून तोंड उघडलं, तर कप पुन्हा भरलेला. इथे कप हलवून परत दिल्याशिवाय वाढणारा थांबत नाही, आणि बावीस वर्षं बँक ते घर एवढंच कुवेत पाहिलेल्या माणसाला हे माहीत असायचं कारण नव्हतं. मला माहीत होतं. पण तोंडात कावा आहे तोवर धमकी बाहेर पडणार नाही, म्हणून मी मुद्दाम गप्प राहिलो. नववा कप संपवून त्यांनी हताशपणे माझ्याकडे पाहिलं. तेव्हा म्हाताऱ्यानं त्यांचं मनगट धरून हलवून दाखवलं. "बस हुआ तो ऐसे हिलाओ, भाई. अब बोलो, क्या काम है?"

कॉफीबरोबर सगळा आवेश पोटात गेला होता. "मौसी की बेटी की शादी है," एवढंच ते म्हणाले. फाइल उघडलीच नाही. म्हातारा उठला, कपाटातून पासपोर्ट आणला, वर खजुराचा एक डबा दिला. "मुझ से किसी ने माँगा ही नहीं," तो म्हणाला. परतताना शेजाऱ्यांनी आधी सीटबेल्ट लावला. "म्हणजे खलनायक कुठेच नव्हता?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, विचारायला घाबरणारे मात्र बरेच होते.

मावशी गेल्या, लग्न झालं, आणि सांगितल्याप्रमाणे त्या परत आल्या नाहीत. जेवणाचे हाल होणार हे ठाऊक असूनही शेजारी त्या दिवशी काळी टोपी घालून निघाले होते, हे आठवलं की मला त्यांच्याबद्दल फार माया वाटते. परवा त्यांच्याकडे गेलो तेव्हा पडद्यावर कुणीतरी खुर्चीला बांधलेला होता. त्यांनी मालिका थांबवली.

"याला आधी नीट विचारलं होतं का हो कुणी?" ते म्हणाले. मग डब्यातली वातड पोळी त्यांनी आमटीत बुडवली आणि ती मऊ होण्याची वाट पाहत बसले.