रिलीव्हर आल्याशिवाय

निव्वळ संतापावर माणूस किती वर्षं चालतो हे पाहायचं असेल, तर पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर दहात, आमच्या वरच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या काकांना पाहावं. भट्टीवरून ते कधीच निवृत्त झाले, भट्टी मात्र त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. वरण पातळ झालं तरी भडकतात, घट्ट झालं तरी भडकतात. प्लांटचा एक नियम त्यांनी साऱ्या जगाला लावलाय: पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, येऊन डायरीत सही करेपर्यंत जागा सोडायची नाही. एकदा जयंतीच्या मंडपात पाणी वाटायला उभे राहिले. रिलीव्हर आला नाही, म्हणून मंडपवाला बांबू काढायला लागला तरी हे माठापाशीच. "सही करणारा कुठी आहे?" असं त्याच्यावरच ओरडले. शेवटी त्या बिचाऱ्यानं सही केली, तेव्हा घरी आले.

अशा माणसाच्या एकुलत्या एका लेकीनं लंडनला जाऊन इन्व्हेस्टमेंट बँकर व्हायचं ठरवलं! रायपूरला सरकारी बँकेत तिची अधिकारी म्हणून निवड झाली होती आणि लंडनच्या विद्यापीठाला त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता. निवाड्याला मला वर बोलावलं.

"बँकच पाहिजे ना तुले? मग रायपूरची कावून नाही?"

"बाबा, ही पासबुकवाली बँक नाही. एक कंपनी दुसरीला विकत घेते, तेव्हा तिची किंमत आम्ही काढायची."

काका खुर्चीतून उसळले. "म्हणजे दलाली! हथखोजच्या कारखान्यांकडे चाल, जुन्या मशिनी विकणारे दहा दलाल दाखवतो. एकालेही व्हिसा नाही लागला!"

मी हसलो. मग थोडा संताप माझ्याही वाट्याला आला.

पोरगी बापाचीच, हटली नाही. आधी शिक्षण, त्यातच दहा आठवडे एखाद्या बँकेत उमेदवारी, त्यांनी ठेवून घेतलं तर व्हिसाचे कागद तेच करणार.

"आन् नाही ठेवलं तर?"

"परत येईन."

"तोवर रायपूरवाले तुही वाट पाहून राहतील का?"

"नाही."

काका खाली बसले. "तुही माय गेल्यापासून हे घर तू सांभाळून राहिली. सोडून चालली, तर रिलीव्हर कुठी आहे?"

ती आत गेली आणि काकांचीच जुनी शिफ्ट डायरी घेऊन आली. कोऱ्या पानावर सगळं लिहून तयार: सकाळी बीपीची गोळी, गॅसचा नॉब पाहणे, रविवारी विहारात नेणे. खाली तिची सही, आणि रिलीव्हर म्हणून माझं नाव. मला न विचारता! आता संतापायची पाळी माझी होती. पण मुकाट्यानं सही केली.

काकांनी चष्मा लावून पान तीनदा वाचलं. "नॉब दोनदा पाहा लागते. एकदाच लिवलं!" दुरुस्ती केली, आणि त्याखाली इन्चार्जची सही ठोकली.

ती जाऊन वर्ष होत आलं. तिची उमेदवारी सुरू आहे. रोज सकाळी सातला मी वर जातो, नॉब दोनदा पाहतो, सही करतो. परवा काकांनी विचारलं, "पोरीची शिफ्ट सुटली का?"

मी फोन पाहिला. तिकडे रात्रीचे अडीच वाजले होते. "नाही, अजून ऑफिसात आहे म्हणते."

"रिलीव्हर नसन आला तिचा," काका म्हणाले आणि गोळी हातात धरून खिडकीशी उभे राहिले. मी गोळीची दोनदा आठवण करून दिली, तरी ओरडले नाहीत.